नर्स प्रॅक्टिशनरची मधुमेह ओपीडी: एका निवृत्त सिस्टरचा अनुभव

काउंटरवर सांगण्यात आलं, ‘आज इथे डॉक्टर नाहीत, फक्त नर्स आहेत.’ तो ‘फक्त’ खटकला. पण तीस वर्षं वॉर्डात काढून मीही मनात तेच म्हणत होते, हे कबूल करते.

या बाई नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे जादा प्रशिक्षण घेऊन स्वतः पेशंट तपासणाऱ्या नर्स. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी माझं पोट चाचपलं. बेंबीच्या डावीकडे मऊ गाठ लागली. दुखत नाही म्हणून मी कित्येक महिने तिथेच इन्सुलिन टोचत होते. अशा गाठीतून ते धड शोषलं जात नाही. मी मात्र साखर उतरेना म्हणून युनिटं वाढवून घेत बसले. (हेच मी शेकडो पेशंटना बजावलंय!) त्यांनी जागा बदलायला लावली आणि डोसही कमी केला, नाहीतर चांगल्या जागेतून सगळं शोषलं जाऊन साखर एकदम खाली आली असती. मग मोनोफिलामेंटने, म्हणजे नायलॉनच्या बारीक तारेने, तळपायांना स्पर्श कळतो का ते तपासलं. डाव्या पायाची नाडी नीट लागेना, तेव्हा ‘हे सरांनी बघायला हवं’ म्हणून मोठ्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली.

तिकडे ज्युनिअर डॉक्टर म्हणाला, ‘नर्सने तपासलंय ना? मग पहिल्यापासून बघू.’ सरांनी चिठ्ठी वाचली, नाडी पाहिली आणि पायातला रक्तप्रवाह बघणारी डॉपलर चाचणी लिहून दिली. बाईंबरोबर रोज काम करणाऱ्या सरांना शंका नव्हती, हे मला बोलकं वाटलं.

हा वाद जुनाच. अमेरिकेत 1965 साली कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड या नर्स आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी मिळून नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम काढला, तेव्हा नाराज झालेल्यांत नर्सेसही होत्या. 2000 साली अमेरिकेतच 1316 पेशंटच्या चाचणीचे निष्कर्ष आले: सहा महिन्यांनंतर डॉक्टरांच्या आणि नर्स प्रॅक्टिशनरच्या पेशंटच्या तब्येतीत फारसा फरक नव्हता. तरी माझी जुनी सहकारी परवा म्हणालीच, ‘गळ्यात स्टेथो अडकवला की झाली का डॉक्टर?’

तक्रार एकच. डोस कमी-जास्त त्या करू शकतात, पण नवी गोळी सुरू करायला डॉक्टरांची सही लागते. ती सही मिळेपर्यंत तासभर बाकावर बसले. अवघड केसला सही लागावी, मान्य. पण ठरलेल्या प्रोटोकॉलमधल्या गोळीलाही?

या ओपीडीला जाताना इन्सुलिनचं पेन आणि साखरेची वही घेऊन जा. त्या समोर टोचून दाखवायला लावतात, आणि सुई किती दिवस वापरता तेही विचारतात. मी खोटं बोलले, पण त्यांनी ओळखलं.