इंदूरमध्ये ट्यूलिपचे कंद घेताय? आधी हे वाचा

नोव्हेंबरअखेर राजवाड्याजवळच्या एका तात्पुरत्या स्टॉलवर ट्यूलिपचे कंद विकायला होते, १२० रुपयांना एक. मी सरळ विचारलं, थंडी दिलेले आहेत का? उत्तर तयारच होतं: "भाभीजी, पूरे तीन महीने कोल्ड स्टोरेज में थे।" आपल्या माळव्यात बटाट्यांची कोल्ड स्टोरेजं कमी नाहीत, त्यामुळे ते पटण्यासारखंच होतं, आणि मी कंद घेतले.

हा प्रश्न का विचारायचा, ते सांगते. चांगल्या ट्यूलिपच्या कंदात कळी आधीच धरलेली असते, पण दांडा लांबून ती वर यायला कंदाला साधारण १२ ते १६ आठवडे २ ते ९ अंशांची थंडी मिळावी लागते. श्रीनगरला ती जमिनीतच मिळते, म्हणून तिथली बाग मार्चअखेर ते एप्रिलमध्ये फुलते. इंदूरला जानेवारीत रात्री १० अंशांच्या आसपास आणि दुपारी पंचवीसच्या वर. थंडी न दिलेला कंद इथे लावला तर पानं येतात, फूल धरत नाही.

लबाडी चालते ती या पानांच्या जोरावर. कोंब फुटला की कंद वाईट होता असं म्हणायची सोयच उरत नाही. माझ्या कुंडीतही नुसती पानंच आली. मी स्टॉलवाल्याला फोन केला तर म्हणाला, पाणी जास्त झालं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विषय निघाला आणि कळलं, आमच्या लोकमान्यनगरातल्या आणखी तिघींनी त्याच्याकडूनच घेतले होते. एकीला त्याने ऊन कमी सांगितलं, दुसरीला खत जास्त, तिसरीला माती चिकट. कुंड्या वेगळ्या, निगा वेगळी, पण सगळीकडे तीच बुटकी पानं. शेजारच्या काकू तर तोवर स्वतःलाच बोल लावत बसल्या होत्या. पैशांपेक्षा मला त्याचा संताप जास्त आला.

निळ्या ट्यूलिपच्या बियांची पाकिटंही तो विकत होता. खरा निळा ट्यूलिप नसतोच, आणि बी पेरून फूल बघायला पाच-सात वर्षं जातात.

कंद घ्यायचेच असतील तर किती आठवडे थंडी दिली ते बिलावर लिहून मागा. लिहून देत नसेल तर घेऊ नका. घरच्या फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर सफरचंद, केळी यांच्या जवळ नको, पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. आम्ही चौघींनी यूपीआयच्या नोंदी आणि फोटो जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार केली आहे. त्या स्टॉलवरून आणखी कोणी घेतले असतील तर त्यांनीही करावी.