घरचा फूट स्पा : दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत वापरून

बुडबुडे, व्हायब्रेशन, लाल दिवा, रोलर. पाय बुडवून बसायच्या या विजेच्या टबाच्या खोक्यावर या चारही गोष्टींचे मोठमोठे फोटो होते. त्यातली कामाची एकच, रोलर, आणि तेही तळव्याखाली आपण पाय पुढेमागे केला तरच. खरा आराम मिळतो तो गरम पाण्याने, कारण ते शेवटपर्यंत गरम राहतं.

मी गोखले रोडला साड्यांच्या दुकानात काउंटरला असते. लग्नसराईत स्टूल असतं, पण टेकायला सवड नसते. वर घोडबंदरला घरी यायचं तेही बसमध्ये लोंबकळत. रात्री तळपाय ठणकायचे, पोटऱ्यांत गोळे यायचे. आधी बादलीत गरम पाणी आणि मूठभर खडेमीठ असा घरगुती उपाय होताच. पण बादलीत दोन्ही पाय सपाट टेकत नाहीत, आणि पाणी बघता बघता निवतं. या टबात 35 ते 48 अंशांपर्यंत तापमान लावता येतं. मी 40 वर ठेवते. त्याच्या फार वर गेलं की पाय लालेलाल होतात आणि उठताना गरगरतं. वीस मिनिटं पुरतात. उठल्यावर पाय हलके वाटतात, झोपही लवकर लागते. मात्र ज्या दिवशी घोटे सुजलेले असतात, त्या दिवशी गरम पाण्याने ते आणखी जड होतात. तेव्हा पाय भिंतीला टेकवून वर करून पडणंच बरं.

एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत. मशीन 450 वॉटचं आहे, म्हणजे गिझर नव्हे. नळाचं गार पाणी भरलं तर तापेपर्यंत पंधराएक मिनिटं नुसतं बसून राहायचं. म्हणून गिझरचंच पाणी भरायचं, मशीनने ते फक्त टिकवायचं. बुडबुडे चालू केले की हवेने पाणी उलट लवकर गार होतं, म्हणून मी ते बंदच ठेवते. आवाजही जातो, टीव्ही ऐकू येतो. विजेचा खर्च किरकोळ, अर्ध्या तासाला पाव युनिटही नाही. प्लग मात्र ओल्या लादीवरच्या एक्स्टेंशन बोर्डात नको, भिंतीतल्या थ्री-पिनमध्येच, आणि पाणी भरताना-ओतताना काढून ठेवलेला.

खरी कटकट उपसाउपशीची. पाच लिटर पाणी भरलेला टब हॉलमधून बाथरूमपर्यंत न्यायचा म्हणजे वाटेत सांडणारच, त्यातून रात्री दहाला थकलेल्या माणसाने. घेणार असाल तर निचऱ्याची नळी आणि खाली चाकं असलेलाच घ्या. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतात, त्यामुळे पाच लिटर ओतून देणं जिवावर येतं. ते पाणी मी संडासात टाकायला बादलीत काढून ठेवते. टँकरच्या जड पाण्याने हीटरवर पांढरा थरही धरतो. पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून पाच मिनिटं मशीन चालवायचं, मग टूथब्रशने रोलरच्या खाचा घासायच्या. पहिल्यांदा खाचेतून जो काळा बुळबुळीत गाळ निघाला तो बघून किळस आली. पाय आधी साबणाने धुऊन मगच टबात, हा नियम तेव्हापासून. मीठ, तेल, शाम्पू यातलं काही टाकू नका असं मॅन्युअलमध्येच आहे.

टाचदुखीचं वेगळं. सकाळी उठून पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत सुई टोचल्यासारखी कळ यायची. ती या मशीनने गेली नाही, तेवढ्यापुरती दबायची. ऑर्थोपेडिककडे गेले, त्यांनी पोटरी ताणायचे व्यायाम, थंड बाटलीवर तळवा फिरवणं आणि चपलेत मऊ पॅड एवढंच सांगितलं. दोनेक महिन्यांत फरक पडला तो त्याने.

सासूबाईंना मात्र आम्ही टबात पाय सोडू देत नाही. त्यांना बरीच वर्षं शुगर आहे, तळव्यांना मुंग्या येतात. अशा पायांना चटका बसला तरी कळत नाही, आणि भिजून भिजून कातडी चिरली की जखम चिघळायला वेळ लागत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलंय. “मग हा सगळा थाट तुझ्या एकटीचाच की गं!” असं त्या अधूनमधून ऐकवतात. त्यांचे पाय कोमट पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसून टाचांना क्रीम लावायचं. बेचक्यांत क्रीम नाही.

जुलैपासून माझाही वापर जवळजवळ बंद आहे. दिवसभर ओल्या चपला, त्यात बोटांमध्ये चिखल्या झाल्या. अशा वेळी पाय आणखी भिजवणं म्हणजे चिखल्या वाढवणं. शिवाय टबात धाकट्या जावेचेही पाय असतात, तिला कशाला द्यायच्या? सध्या पावडर लावतेय, टब पंख्याखाली खडखडीत सुकवून, पालथा घालून बेडखाली सरकवलाय.