11 महिने, 36 महिने की हेवी डिपॉझिट? भाड्याचं घर घेण्याआधी

महाराष्ट्रात भाड्याने घर बघायला गेलं की एजंट आधीच सांगून टाकतो, "11 महिन्यांचंच करू, सगळे तेच करतात." का विचारलं तर म्हणे वर्षाच्या आतलं रजिस्टर करावं लागत नाही. आपल्याकडे हे चक्क खोटं आहे, भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स (ठराविक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार, आपण भाडेकरार म्हणतो तो) कितीही महिन्यांचं असो, लेखी आणि रजिस्टर्ड हवंच आणि ते करून घ्यायची जबाबदारी मालकाची. म्हणजे 11 महिन्यांचा तो फायदा मुळातच नाही.

आता खर्च बघू. समजा भाडं 20 हजार, डिपॉझिट 60 हजार. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्यावर 0.25 टक्के, त्यात डिपॉझिटवरचं वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याजही मिळवतात. 36 महिन्यांचे होतात 1,845 रुपये, शहरात रजिस्ट्रेशन फी 1,000, झालं. 11-11 करत तीनदा केलं तर ड्युटी जवळपास तेवढीच पण फी तीनदा, वर एजंट दरवेळी रिन्यूअलचे वेगळे मागणार (म्हणून तर त्याला 11 आवडतात).

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच. मुदत संपली की असा करार केलेल्या भाडेकरूच्या हातात काही राहत नाही, पागडीवाल्या (एकरकमी पैसे देऊन वर्षानुवर्षं राहणाऱ्या) जुन्या भाडेकरूंचं संरक्षण आपल्याला नाही, आणि तरी घर सोडलं नाही तर कलम 24 प्रमाणे दुप्पट भाड्याने भरपाई द्यावी लागते. मग अकराव्या महिन्यात मालक म्हणाला तीन हजार वाढव, तर मुलांची शाळा मध्येच असताना तुम्ही काय भांडणार? 36 महिन्यांत वाढ आधीच लिहून ठेवता येते, दरवर्षी 5 टक्के म्हणजे 5 टक्केच.

फक्त लॉक-इनचा क्लॉज (ठरलेल्या काळाआधी करार मोडता येणार नाही ही अट) नीट वाचा. बऱ्याच ड्राफ्टमध्ये लॉक-इन भाडेकरूला आणि मालकाला मात्र एक महिन्याच्या नोटिशीत घर खाली करून घ्यायची मुभा असते, मग ते 36 नुसतं कागदावर. उलटं मागा, मालकाला लॉक-इन पूर्ण मुदतीचं, तुम्हाला सहा महिन्यांचं. काही मालक ऐकतात, कारण घर रिकामं पडलं तर नुकसान त्यांचंच.

हेवी डिपॉझिट मला तरी पटत नाही. काही लाख एकदम द्यायचे आणि भाडं शून्य किंवा नावापुरतं, ऐकायला छान. पण मालकाने ते पैसे कुठेतरी गुंतवलेले किंवा उडवलेले असतात आणि सोडताना "नवीन पार्टी आली की देतो" सुरू होतं. फ्लॅटवर लोन असेल आणि हप्ते थकले तर बँक आधी, तुम्ही मागे. करायचंच असेल तर सगळी रक्कम बँकेतून द्या, कॅश अजिबात नको, करारात पूर्ण आकडा लिहा आणि घर सोडताना तुमची चावी आणि त्यांचा डिपॉझिटचा चेक एकाच वेळी अशी अट घाला.

नोकरी नवीन आहे, बदली होऊ शकते, एकटे आहात, तर 11 महिने चालतील. कुटुंब असेल तर 36 च घ्या, आणि मालकाला पटत नसेल तर निदान 24 वर अडून बसा.