पीएनआर खरा होता

अंदमानच्या सहलीपायी आमचे एक लाख बत्तीस हजार रुपये गेले. मी मुलुंडला राहते आणि सत्तावीस वर्षं एका पतपेढीत कॅशिअर आहे. पावती, शिक्का, सही बघितल्याशिवाय माझ्या हातून दहा रुपयेही सुटत नाहीत. इथेही मी सगळं बघितलं होतं. तरी पैसे गेले. कसे गेले ते तारखांसकट लिहिते आहे, कारण जे मी बघितलं नाही ते बघायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. गिरगावातल्या एका छापखान्यात त्यांनी आयुष्यभर खिळे जुळवले. फेब्रुवारी १९६६ मध्ये सावरकर गेले तेव्हा अण्णा वीस वर्षांचे होते. शिवाजी पार्कला सावरकर सदनाबाहेरच्या गर्दीत ते उभे होते. तेव्हापासून त्यांच्या मनात एकच, सेल्युलर जेल एकदा डोळ्यांनी बघायचं. वर्तमानपत्राच्या समासात ते जेलचा नकाशा काढून दाखवायचे. मध्ये मनोरा, त्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात इमारती. मग त्यांतल्या चार खोडून म्हणायचे, "आता तीनच उरल्यात. त्या पडायच्या आत ने."

त्यांच्या गुडघ्यांनी साथ सोडायला सुरुवात केली तेव्हा मी ठरवलं, यंदा न्यायचंच. चार रात्री, पाच दिवस. तीन रात्री पोर्ट ब्लेअरला, एक हॅवलॉकला. अण्णा, आई, मी आणि आमचे हे. जास्त दगदग नको.

आमच्या भिशीतल्या एका वहिनींनी एका सहल एजंटचं नाव सांगितलं. त्या त्याच्याबरोबर दोनदा अष्टविनायकाला गेल्या होत्या आणि व्यवस्थित परत आल्या होत्या. हे मुद्दाम सांगते आहे. त्याच्या छोट्या सहली खऱ्या होत्या. बस यायची, जेवण चांगलं असायचं. त्या दोन-तीन हजारांच्या सहलींवर त्याने नाव कमावलं आणि मोठ्या सहलींचे पैसे त्या नावावर गोळा केले. "आमच्या ओळखीचे जाऊन आलेत" हे ऐकलं की कुठे जाऊन आले आणि किती पैशांत, एवढं विचारा.

त्याचं ऑफिस दादर स्टेशनजवळ, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. भिंतीवर फ्रेम केलेला गुमास्ता परवाना, शेजारी जीएसटी नंबर. अण्णा आत येताच तो उठला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काका, तुम्हाला त्या कोठडीसमोर उभं करणं हे माझं भाग्य." मला ताई, यांना भावोजी. अण्णांचे डोळे भरून आले. त्या नमस्काराचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

गुमास्ता परवान्याला मी तेव्हा मान दिला. दुकान उघडणाऱ्या कुणालाही तो मिळतो. त्याने अमुक जागी धंदा आहे एवढंच कळतं, धंदा प्रामाणिक आहे हे कळत नाही. जीएसटी नंबराचं तर त्याहून सोपं होतं. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. त्याच्या पावतीवर ०७ होते, म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की नाव फुकट दिसतं. मी तो तीन महिन्यांनी टाकला. कुठल्या तरी हार्डवेअरच्या दुकानाचा निघाला.

माणशी साडेएकतीस हजार ठरले. दसऱ्याला, १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, साठ हजार यूपीआयने दिले. क्यूआर कोड कंपनीचा नव्हता, त्याच्या स्वतःच्या नावाचा होता. विचारलं तर म्हणाला, "कंपनीच्या खात्यावर घेतले तर जीएसटीचे पाच टक्के तुमच्यावर पडतील, ताई." मला वाटलं, आपल्या भल्याचं सांगतोय. २६ ऑक्टोबरला उरलेले सहासष्ट हजार दिले आणि त्याच संध्याकाळी विमानाची तिकिटं व्हॉट्सअॅपवर आली. १९ जानेवारीला मुंबई ते चेन्नई, तिथून पोर्ट ब्लेअर.

मी पतपेढीतली बाई. पीडीएफवर विश्वास ठेवला नाही. विमान कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन पीएनआर, म्हणजे तिकिटावरचा बुकिंग क्रमांक, टाकला, आडनाव टाकलं. चौघांची नावं, बरोबर स्पेलिंग, आणि कन्फर्म्ड. अण्णांना बोलावून दाखवलं. त्या रात्री घरात श्रीखंड आणलं होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी त्याचा फोन आला. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबरात बदलून श्री विजयपुरम झालंय, त्यामुळे प्रवेशाचे परवाने नव्याने काढावे लागताहेत, माणशी दीड हजार. नाव बदलल्याची बातमी खरीच होती, सगळ्या पेपरांत आली होती, म्हणून मी सहा हजार पाठवले. खरी बातमी आणि खोटी फी. भारतीय नागरिकाला पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील इथे जायला कुठलाच परवाना लागत नाही. आधारसारखं ओळखपत्र पुरतं. परवानगीची भानगड आदिवासींच्या राखीव भागांसाठी आहे, आणि तिथे पर्यटकांना उतरून फिरूही देत नाहीत. अंदमानला निघालेल्या मुंबईच्या माणसाकडे कुणी परवान्याचे पैसे मागितले तर तिथेच थांबा.

१३ जानेवारीला भोगी होती. बाजरीच्या भाकऱ्या थापता थापता माझ्या मनात आलं, हॉटेलला लिफ्ट आहे का? अण्णांना जिने चढवत नाहीत. एजंटचा फोन लागला नाही, म्हणून हॉटेलचा नंबर मी स्वतः शोधला आणि थेट अबरदीन बाजारातल्या त्या हॉटेलात फोन केला. तिथल्या मुलाने दोनदा बघितलं, मग मॅनेजरला दिला. आमच्या नावावर खोली नव्हती. त्या एजंटच्या नावावरही नव्हती. एकोणीस तारखेला तर हॉटेल पूर्ण भरलेलं होतं.

हात तसेच पिठाचे. पीएनआर टाकला. रद्द.

विमान कंपनीच्या बाईंनी फोनवर जे सांगितलं ते समजायला मला वेळ लागला, म्हणून इथे सावकाश लिहिते. आमचं तिकीट खरंच काढलेलं होतं. मी पाहिलं त्या दिवशी ते जिवंत होतं. पण बुकिंगवर मोबाइल आणि ईमेल आमचा नव्हता, त्याचा होता. ९ नोव्हेंबरला, म्हणजे चौदा दिवसांनी, त्याने ते रद्द केलं. रद्द झाल्याचा मेसेज त्यालाच गेला. रद्द करण्याचा दंड कापून उरलेले पैसे ज्या खात्यातून तिकीट काढलं त्या एजंटच्या खात्यात परत गेले. दंडाची रक्कम हा त्याचा खर्च, आमचा विश्वास विकत घ्यायचा. म्हणजे परवान्याचे सहा हजार त्याने मागितले तेव्हा तिकीट मरून पंधरा दिवस उलटले होते.

पीएनआर खरा निघाला म्हणजे पैसे सुरक्षित, असं आम्ही धरून चाललो होतो. तिकीट आपल्या नावावर असलं तरी ते रद्द करण्याची किल्ली आणि परतावा एजंटच्या हातात असतो. त्यामुळे तिकीट हातात येताच विमान कंपनीला फोन करून विचारा, या बुकिंगवर मोबाइल कुणाचा आहे? आपला नसेल तर एजंटकडून तो बदलून घ्या, त्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका. आणि पीएनआर एकदा बघून सोडू नका, दर आठवड्याला बघा. खरं तर मी आता म्हणेन, विमानाचं तिकीट स्वतःच काढा. हॉटेल, गाडी, बोट एजंटला करू दे. सगळ्यात मोठी रक्कम विमानातच असते.

नंतर मी त्याने दिलेला कार्यक्रम पुन्हा वाचला. सगळं तिथेच लिहिलेलं होतं. पहिल्या दिवशी: "सायं. ६.३० वा. कॉर्बिन्स कोव्ह समुद्रकिनारी सूर्यास्त." अंदमान आपल्यापासून पूर्वेला इतकं लांब आहे आणि घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे जानेवारीत तिथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य बुडतो. साडेसहा म्हणजे किट्ट अंधार. वर कॉर्बिन्स कोव्ह बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर आहे, तिथे समुद्रात सूर्य मावळेलच कसा? सूर्यास्तासाठी लोक चिडिया टापूला जातात. साडेसहाची वेळ दादर चौपाटीची होती. चौथ्या दिवशी बारातांग, "सकाळी नाश्त्यानंतर निघून दुपारी परत". बारातांग शंभरएक किलोमीटर दूर, रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून, जिरकाटांगच्या नाक्यापासून ठरलेल्या वेळी ताफ्यातच गाड्या सोडतात. त्यासाठी पहाटे अंधारात निघावं लागतं. तिथे एकदाही माणसं नेलेला कुणी असं लिहिणार नाही. हॅवलॉकच्या बोटीच्या व्हाउचरवर तर प्रवाशांची नावंच नव्हती, नुसतं "४ सीट्स". दहा मिनिटं नकाशा उघडला असता तर हे मला ऑक्टोबरातच दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला, दादरला गेलो. ऑफिसला कुलूप. खालच्या झेरॉक्सवाल्याने आम्हाला बघितलं आणि न बोलता एक शंभरपानी वही पुढे केली. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, मोबाइल आणि रक्कम तो त्यात लिहून घेत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा भाऊ अशाच एका प्रकरणात फसला होता, एवढंच म्हणाला. आमचा नंबर सतरावा. विक्रोळीची एक निवृत्त शिक्षिका, परळचे दोन भाऊ, डोंबिवलीतलं लग्न ठरलेलं जोडपं. काहींचं अंदमान, काहींचं मॉरिशस. त्या वहीमुळे आम्ही एकमेकांना सापडलो.

१९३० ला फोन केला. सायबर फसवणुकीची ती हेल्पलाइन, पण तिचा खरा उपयोग पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत होतो, म्हणजे पुढच्या खात्यातून निघायच्या आत रक्कम अडवता येते. आमचे तोवर कधीच निघून गेले होते. बँकेने सांगितलं, यूपीआयवर पिन तुम्हीच टाकलाय. क्रेडिट कार्डाने दिले असते तर चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत व्यवहार उलटवून पैसे परत, मागता आला असता. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हा दिवाणी मामला आहे, ग्राहक न्यायालयात जा." एकटी गेले होते. आठवड्याने अकरा जण एकत्र गेलो, प्रत्येकाच्या तिकिटावर रद्द झाल्याची तारीख लाल पेनाने अधोरेखित करून. एकाचं तिकीट रद्द झालं तर तो धंद्यातला वाद म्हणता येतो. अकरा जणांची पैसे भरल्यावर दोन-तीन आठवड्यांत रद्द झाली की तो मुळातलाच बेत दिसतो. तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे फसवणुकीचा, गुन्हा नोंदला गेला.

रजिस्टर पोस्टाने पाठवलेली नोटीस "पत्ता सोडून गेले" असा शेरा घेऊन परत आली. जागेच्या मालकाने आधी टाळाटाळ केली, मग लिव्ह अँड लायसन्सच्या नोंदणीकृत कराराची प्रत दिली. त्यात त्याचा गावाकडचा पत्ता आणि पॅन होता. ती प्रत पोलिसांकडे आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेला तिथे फी लागत नाही, वकील असलाच पाहिजे असंही नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. "आता काय उपयोग" म्हणून घरी बसलेल्या वहीतल्या दोघांना मी हे फोन करून सांगितलं तेव्हा ते आले. तुमचंही असं झालं असेल तर व्हॉट्सअॅप चॅट पुसू नका, यूपीआयचे सगळे व्यवहार क्रमांक आजच कागदावर उतरवा, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला विचारा.

अण्णांना मी दोन दिवस सांगितलंच नाही. त्यांनी पिशवी भरून ठेवली होती, आत पांढरा सदरा आणि जेलच्या जुन्या कात्रणांचं पाकीट. सांगितल्यावर ते म्हणाले, "त्याने माझ्या पायाला हात लावला होता गं." नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. पिशवी अजून पलंगाखाली आहे. मला ती उचलायची हिंमत होत नाही, आणि ते उचलू देत नाहीत.

मागच्या आठवड्यात झेरॉक्सवाल्याचा फोन आला म्हणून पुन्हा दादरला गेले. वहीत तेविसावं नाव होतं, भांडुपचं एक कुटुंब. त्यांनी पैसे या ऑफिसात दिलेच नव्हते, ठाण्याच्या एका नव्या ऑफिसात दिले होते. पावतीवर नाव वेगळं, मालक म्हणून कुणी बाई. पण त्यावरचा मोबाइल नंबर शोधत ते इथवर आले होते. त्यांच्याकडचा कार्यक्रमाचा कागद मी मागून घेतला. पहिला दिवस, तिसरी ओळ: "सायं. ६.३० वा. कॉर्बिन्स कोव्ह समुद्रकिनारी सूर्यास्त."