रात्रीच्या सुरक्षेच्या अ‍ॅपसाठी फायरबेस: कुठे पुरतं, कुठे नाही

विद्यार्थ्यांच्या सुरक्षेचं अ‍ॅप हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा ठरलेला प्रोजेक्ट, आणि त्यामागे बहुधा गूगलचं फायरबेसच असतं. लॉगिन, डेटाबेस, नोटिफिकेशन सगळं एका जागी मिळतं; व्हायव्हाला लाल बटण दाबलं की समोरचा फोन वाजतो. पण रात्री साडेअकराला रूममेटचा फोन तासभर हात न लागता पडलेला असेल, तेव्हा तो वाजेल का?

वाजतो, पण निरोपाचं प्राधान्य 'हाय' ठेवलं असेल तरच. 'नॉर्मल' निरोप डोझ मोडमध्ये, म्हणजे पडून असलेल्या फोनच्या बॅटरी वाचवणाऱ्या झोपेत, अडकून उशिरा येतो. शाओमी, विवो, ओप्पोच्या फोनवर ऑटोस्टार्ट आणि बॅटरीची सेटिंगही आडवी येते, म्हणून पहिल्यांदा अ‍ॅप उघडतानाच ती बदलायला लावा. आणखी एक गोम: सर्व्हरला मिळालेलं 'यशस्वी' हे उत्तर म्हणजे गूगलने निरोप घेतला, एवढंच. समोरच्या अ‍ॅपने पोच पाठवायला हवी. 30 सेकंदांत ती आली नाही तर पुढच्या नंबरकडे वळा. अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं की टोकन, म्हणजे निरोपासाठीचा त्या फोनचा पत्ता, बदलतं, तेव्हा 'अनरजिस्टर्ड' अशी एरर आलेली टोकन लगेच पुसा.

एसएमएसचा आधार हवाच, आणि तिथे फायरबेस कामाचं नाही. फोनमधून आपोआप एसएमएस पाठवायचा तर प्ले स्टोअरला परवानगीचं कारण पटवावं लागतं. सर्व्हरवरून पाठवायचा तर डीएलटी नोंदणी (टेलिकॉम कंपन्यांकडे पाठवणाऱ्याची नोंद) आणि मंजूर टेम्प्लेट लागतं. शिवाय ऑक्टोबर 2024पासून मजकुरातली लिंकही आधी व्हाइटलिस्ट, म्हणजे मंजूर यादीत, करावी लागते. सबमिशनच्या आठवड्यात हे होणार नाही.

पैशाचं गणित बहुतेक टीम चुकवतात. फायरस्टोअर या फायरबेसच्या डेटाबेसच्या फुकट कोट्यात दिवसाला 20,000 राइट्स (नोंद लिहिण्याच्या खेपा) आहेत. दर 10 सेकंदांनी लोकेशन लिहिलं तर तासाला 360, दोन तासांच्या प्रवासाला 720. म्हणजे 28व्या विद्यार्थ्याला दिवसाचा कोटा संपला. चालतं लोकेशन फायरबेसच्याच दुसऱ्या, रिअलटाइम डेटाबेसमध्ये ठेवा, तिथे राइट्सचा हिशेब नाही. मात्र त्याला मुंबईचा सर्व्हर मिळत नाही, जवळचा सिंगापूरचा. फुकट प्लॅनवर एका वेळी 100च कनेक्शन चालतात, हेही धरून चला.

खरा उपयोग पॅनिक बटणापेक्षा 'पोचले' टायमरचा आहे, आणि फायरबेसची खरी किंमत इथे वसूल होते. निघताना 40 मिनिटं लावायची, पोचल्यावर बंद करायचा. टायमर फोनवर ठेवला तर बॅटरी संपली किंवा फोन हिसकावला गेला की तोही गेला. क्लाउड टास्क्सने (ठरल्या वेळी काम चालवणारी गूगलची सेवा) तो सर्व्हरवर ठेवा. फोन बंद असला तरी वेळ झाली की शेवटचं लोकेशन रूममेटकडे जातं. त्यासाठी ब्लेझ हा वापराप्रमाणे पैशाचा प्लॅन, म्हणजे कार्ड जोडणं आलं. बजेट अलर्ट पहिल्याच दिवशी लावा. मोह होतो तो कनेक्शन तुटताच अलार्म देण्याचा. लोकलच्या प्रवासात रेंज दहा वेळा जाते. आठवड्यात सगळे नोटिफिकेशन बंद करून बसतील.

लोकेशनसोबत वेळ आणि अचूकतेची त्रिज्या पाठवलीच पाहिजे, नाहीतर पाऊण तासापूर्वीचा कॅन्टीनचा पत्ता 'आत्ताचा' म्हणून जातो. अँड्रॉइड 14पासून फोरग्राउंड सर्व्हिसचा (स्क्रीन बंद असतानाही चालू राहणाऱ्या कामाचा) प्रकार 'लोकेशन' असा मॅनिफेस्ट या माहितीच्या फाइलमध्ये लिहावा लागतो. तो विसरला की अ‍ॅप सर्व्हिस सुरू होतानाच कोसळतं. पॉवर बटण तीनदा दाबण्याची युक्ती प्रत्यक्षात स्क्रीन बंद-चालू मोजते, सर्व्हिस मेली की तीही थांबते. 112ला अ‍ॅपमधून थेट कॉल लागत नाही, डायलर उघडून नंबर भरून देता येतो. हिरवं बटण वापरणाऱ्यालाच दाबावं लागतं.

टेस्ट मोडमध्ये सुरू केलेला डेटाबेस 30 दिवस कुणालाही उघडा असतो. त्यात मुलींचे रोजचे रस्ते आणि वेळा आहेत. पहिला खरा वापरकर्ता जोडण्याआधी नियम लिहा: लोकेशन फक्त तिने निवडलेल्यांना दिसेल, आणि प्रवास संपल्यावर 24 तासांत पुसलं जाईल.