ऑर्डर कुठे अडकते? फुकटचं येगर की विकतचं एपीएम

आमचं ऑफिस सोलापुरात होटगी रोडला. गिऱ्हाइकं बहुतेक चादर-टॉवेलवाली. त्यांच्या ऑर्डर, स्टॉक, बिलं आणि डिस्पॅचचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून फोन येतो तो ठरलेला: "ओ सर, ऑर्डर सेव्हच होईना, नुसतं गोल फिरालंय." सर्व्हरचा सीपीयू बघावा तर निवांत, डेटाबेस बघावा तर तोही निवांत. प्रत्येक भाग म्हणतो, माझं काही चुकलेलं नाही. अशा वेळी ती एकच ऑर्डर एपीआयमधून (सॉफ्टवेअरच्या दारातून) स्टॉककडे, तिथून निरोपांच्या रांगेत (क्यू), रांगेतून बिलिंगकडे कशी गेली आणि कुठे किती वेळ बसली, हे बघावं लागतं. हा सगळा प्रवास म्हणजे ट्रेस, त्यातला एकेक टप्पा म्हणजे स्पॅन.

हे दाखवणारी साधनं दोन जातींची. एक, स्वतः बसवायची आणि फुकट: ट्विटरने २०१२ मध्ये खुलं केलेलं झिपकिन, उबरमधून आलेलं येगर, ग्राफानाचं टेम्पो. दुसरी, पैसे भरून घ्यायची, म्हणजे एपीएम (ॲप्लिकेशनच्या कामगिरीवर नजर ठेवणारी साधनं): डायनाट्रेस, ॲपडायनॅमिक्स, न्यू रेलिक. झिपकिन आजही चालतं, पण नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्यात शिरण्याचं कारण मला दिसत नाही. टेम्पो स्वस्तात साठवतं, कारण ट्रेस सरळ ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे फायलींच्या स्वस्त साठ्यात, टाकतं. मात्र ग्राफाना आधीपासून वापरात असेल तरच ते अंगवळणी पडतं. त्यामुळे आमच्यापुरती खरी लढत होती येगर आणि विकतच्या एपीएमची.

बसवण्यात विकतचं साधन सरळ पुढे. डायनाट्रेसचा एजंट, म्हणजे माहिती गोळा करणारा छोटा प्रोग्राम, मशीनवर एकदा टाकला की जावा, डॉटनेट, नोड या प्रोसेस तो आपणच ओळखतो. ॲपडायनॅमिक्स 'चेकआउट', 'लॉगिन' असे व्यवहार वेगळे काढून कुठला भाग कुणाला हाक मारतो याचा बाणांचा नकाशा काढून देतं. तो नकाशा मालकाला दाखवला की त्यालाही कळतो, ही काही लहान गोष्ट नाही. येगरला मात्र डेटा आपण पुरवायचा, ओपनटेलिमेट्रीमार्फत (ट्रेस गोळा करून पाठवायची खुली, कुठल्याही साधनाशी जुळणारी पद्धत). जावासाठी एजंटची एक जार फाइल जोडली की काम भागतं. गो भाषेत लिहिलेल्या सेवेत (सॉफ्टवेअरच्या एका स्वतंत्र भागात) बऱ्याच ठिकाणी हातानेच कोड घालावा लागला. आम्हाला यात दोन आठवडे गेले.

पण पहिल्याच ट्रेसने ते वसूल केले. ऑर्डर सेव्ह व्हायला ४.१ सेकंद. पडद्यावर वरची पट्टी लांबलचक, आणि तिच्याखाली जिन्यासारख्या उतरत गेलेल्या ११८ बारीक पट्ट्या, प्रत्येक साधारण ३० मिलिसेकंदांची. ऑर्डरमध्ये ११८ ओळी होत्या आणि आमचा कोड प्रत्येक डिझाइनचा दर डेटाबेसला वेगळी क्वेरी मारून आणत होता. साडेतीन सेकंद तिथेच! एकेक क्वेरी वेगवान, म्हणून संथ क्वेरींच्या यादीत ती कधी आलीच नाही. हेच चित्र विकतच्या साधनातही दिसलं असतं, हे कबूल.

खरी गोम रांगेपाशी आहे. एचटीटीपीवर ट्रेसची ओळख 'ट्रेसपॅरेंट' नावाच्या हेडरमधून (निरोपासोबत जाणाऱ्या चिठ्ठीतून) पुढे जाते; त्यात ३२ अक्षरी ट्रेस आयडी आणि १६ अक्षरी स्पॅन आयडी असतो. रॅबिटएमक्यू या रांगेच्या सॉफ्टवेअरमध्ये निरोप टाकताना हा हेडर सोबत गेला नाही, तर पलीकडे नवाच ट्रेस सुरू होतो आणि एका ऑर्डरचे दोन तुकडे पडतात. ऑटोमॅटिक मागावर उभा धागा तुटला की माग थांबतो. इथे काहीच थांबत नाही, नुसतं चित्र खोटं दिसतं. प्रचलित लायब्ररी असेल तर दोन्ही जातींचे एजंट हे सांभाळतात. तुम्ही स्वतः रांग लिहिली असेल, तर पैसे भरूनही कोड तुम्हालाच लिहायचाय. आणि सगळ्या मशीनची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायच्या सोयीने) जुळवून घ्या, नाहीतर बिल ऑर्डरच्या आधी निघालेलं दिसतं.

सॅम्पलिंगवर, म्हणजे कुठले ट्रेस ठेवायचे नि कुठले टाकायचे यावर, फार डोकं खपवू नका. दहा टक्केच ट्रेस ठेवायचे असं सुरुवातीलाच ठरवलं, तर नेमकी अडकलेली ऑर्डर उरलेल्या नव्वदांत जाते. ट्रेस पूर्ण झाल्यावर संथ आणि चुकलेले तेवढे ठेवणं बरं, पण त्यासाठी कलेक्टरला (स्पॅन गोळा करून पुढे पाठवणारा ओपनटेलिमेट्रीचा प्रोग्राम) सगळे स्पॅन तोवर मेमरीत धरून बसावं लागतं. आपल्याकडच्या कारखान्याच्या ऑर्डरी असून असून किती? आम्ही सगळेच ठेवतो.

येगरची खरी किंमत सांभाळण्यात आहे. सुरुवातीला आम्ही त्याचं ऑल-इन-वन, म्हणजे सगळे भाग एकाच प्रोग्राममध्ये असलेलं रूप, तसंच चालवलं. ते मुळात सगळं मेमरीत ठेवतं. एका दुपारी लाईट गेली, यूपीएसची बॅटरी मेलेली, आणि तीन दिवसांचा पुरावा गायब. आता ट्रेस साठवायला मागे ओपनसर्च हा डेटाबेस आहे, म्हणजे आणखी एक यंत्र राखायचं आलं. विकतच्यात ही कटकट नाही, पण बिलाचा अंदाज चुकतो: न्यू रेलिक महिन्याला १०० जीबी फुकट देऊन पुढे डेटा आणि वापरणारे मोजतं, तर डायनाट्रेस मशीनच्या मेमरीचे तास. शिवाय स्पॅनमध्ये पार्टीचा मोबाइल नंबर, क्वेरीचा मजकूर असं काहीबाही जातं. ते बाहेरच्या सर्व्हरवर जाण्याआधी कलेक्टरमध्येच गाळा.

तेव्हा, दोन-चार जणांची टीम, दहाच्या आत सेवा आणि लिनक्स येणारा एक तरी माणूस असेल, तर येगर घ्या. सेवा पन्नासच्या घरात असतील, रात्री कुणी जागं राहणार नसेल किंवा कोडला हात लावायची मुभाच नसेल, तर पैसे भरा. काहीही घेतलंत तरी कोडमध्ये ओपनटेलिमेट्रीच घाला; उद्या साधन बदललं तर कलेक्टरमधला पत्ता बदलून भागतं, आणि येगरची दुसरी आवृत्तीही त्याच कलेक्टरवर उभी आहे.

आमच्या एका गिऱ्हाइकाचं बिलिंग अजून व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक) या जुन्या भाषेतल्या प्रोग्रामवर चालतं. त्याला कुठलाच एजंट जोडता येत नाही. त्याच्या टेबलात आम्ही ट्रेस आयडीचा एक रकाना वाढवलाय. फोन आला की तो नंबर उचलून येगरमध्ये चिकटवतो.