महायुती की महाविकास आघाडी: नाशिकच्या मतदाराने दोघांचे प्राधान्यक्रम कसे पारखावेत

नाशिक जिल्ह्याने २०२४ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने दोन उलटे कौल दिले. लोकसभेला नाशिक, दिंडोरी आणि मालेगाव-बागलाण ज्यात मोडतात ती धुळ्याची जागा, तिन्हीकडे महाविकास आघाडी निवडून आली. नोव्हेंबरात विधानसभेला जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा महायुतीने घेतल्या, उरलेली मालेगाव मध्य एमआयएमने राखली. मधल्या काळात कांद्याचा राग थोडा निवला होता आणि घरोघरच्या बायकांच्या खात्यात पैसे जमा झाले होते. आपल्याकडचा मतदार कुणाच्या दावणीला बांधलेला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढच्या वेळी कुणाला मत द्यायचं हे अजून न ठरवलेल्यांसाठी हा आढावा आहे.

नुसते जाहीरनामे शेजारी ठेवले तर फारसं काही हाती लागत नाही. कर्जमाफी दोन्हीकडे, महिलांना दरमहा पैसे दोन्हीकडे, तरुणांना पैसे दोन्हीकडे. महायुतीने दहा लाख विद्यार्थ्यांना महिना १०,००० रुपये विद्यावेतन म्हटलं, आघाडीने बेरोजगारांना ४,००० रुपये म्हटलं. त्यापेक्षा असं विचारावं: तिजोरीत पैसा कमी पडला तेव्हा यांनी कुठल्या खर्चाला हात लावला नाही आणि कुठला आधी कापला? महायुतीला या प्रश्नावर नीट तपासता येतं, तिचा कारभार समोर आहे. आघाडीच्या नावावर नोव्हेंबर २०१९ ते जून २०२२ एवढाच काळ आहे आणि त्यातला बराचसा कोरोनात गेला. त्यामुळे ही तुलना काटेकोर समान होणार नाही. शिवाय ज्याच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या आहेत त्याला जास्त कडक प्रश्न विचारायलाच हवेत.

बहिणींचे पैसे

लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून लागू झाली. वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत, महिन्याला १,५०० रुपये थेट खात्यात. पंचवटीत धुणीभांडी करणारी बाई असो की निफाडला द्राक्षबागेत मजुरीला जाणारी, तिच्या हातात कुणाला न विचारता खर्च करता येतील असे पैसे आले. याला नुसती खैरात म्हणून उडवून लावणारे लोक तिच्या घराचा हिशेब कधी पाहत नाहीत. महायुतीने हे करून दाखवलं आणि त्याचं श्रेय तिला द्यायला हवं.

पुढचं मात्र तपासा. निवडणुकीत महायुतीने २,१०० रुपये देऊ म्हटलं, आघाडीने महालक्ष्मी योजनेतून ३,००० रुपये आणि वर एसटीचा मोफत प्रवास. लाभार्थी महिला त्या वेळच्या, साधारण २ कोटी ४० लाख धरा. सध्याच्या १,५०० रुपयांनी वर्षाला ४३,२०० कोटी लागतात, २,१०० रुपयांनी ६०,००० कोटींच्या वर, ३,००० रुपयांनी ८६,४०० कोटी. मार्च २०२५ मध्ये अजित पवार यांनी अर्थमंत्री म्हणून मांडलेल्या अर्थसंकल्पात या योजनेला ३६,००० कोटी ठेवले होते आणि राज्याची महसुली तूट ४५,८९१ कोटी दाखवली होती. ३६,००० कोटींना १८,००० रुपयांनी भागलं की दोन कोटी महिला येतात. २,१०० रुपये तर सोडाच, आहे त्या यादीतल्या सगळ्यांना वर्षभर १,५०० रुपयेही त्या तरतुदीत बसत नव्हते. त्याच वर्षी छाननी सुरू झाली आणि जुलैपर्यंत २६ लाखांहून जास्त खात्यांचे पैसे थांबवल्याचं सरकारने सांगितलं. अपात्रांना वगळणं बरोबरच आहे, त्यांत हजारो पुरुषही निघाले. पण हीच छाननी मतदानाआधी का झाली नाही, याचं उत्तर सरकारने द्यायला हवं.

ज्या शेतकरी बाईच्या नावावर सातबारा आहे आणि जिला पीएम किसान व नमो शेतकरी मिळून महिन्याला १,००० रुपये पडतात, तिला लाडक्या बहिणीचे ५०० रुपयेच मिळतात. बाईच्या नावावर जमीन व्हावी म्हणून इतकी वर्षं प्रयत्न झाले, आणि जमीन असल्यामुळेच तिचा हप्ता कमी होतो. हा नियम मला मनापासून चुकीचा वाटतो.

आघाडीचं काय? ८६,४०० कोटी कुठून आणणार, याचा पटणारा हिशेब तिने मतदारांपुढे मांडला नाही. समोरच्याने केलेला आकडा दुप्पट करणं याला धोरण म्हणता येत नाही. विरोधी बाकांवर बसून योजनेतल्या त्रुटी दाखवणं वेगळं आणि दुसरी रचना मांडणं वेगळं. या बाबतीत मी आघाडीला महायुतीपेक्षा कमी गुण देईन.

कर्जमाफी: कुणी केली, कुणी लांबवली

जून २०१७ चा शेतकरी संप पुणतांब्यातून निघाला, पण त्याला धार आली ती आपल्या जिल्ह्यात. त्यानंतर फडणवीस सरकारने दीड लाखापर्यंतची माफी जाहीर केली, ३४,००० कोटींची म्हणून. ऑनलाइन अर्ज, पती-पत्नीची एकत्र माहिती, याद्यांवर याद्या, यात ती रखडत गेली. डिसेंबर २०१९ मध्ये उद्धव ठाकरे सरकारने महात्मा फुले कर्जमुक्ती योजनेत दोन लाखांपर्यंतची माफी केली, आधार जोडून आणि अर्जांची लांब रांग न लावता. माझ्या मते आघाडीच्या अडीच वर्षांतलं हे सर्वांत चांगलं काम. मात्र नियमित फेड करणाऱ्यांना ५०,००० रुपये प्रोत्साहन देण्याची घोषणा त्याच सरकारने केली आणि कोरोनाचं कारण देऊन पुढे ढकलली. ते पैसे प्रत्यक्ष खात्यात पडू लागले ऑक्टोबर २०२२ मध्ये, शिंदे सरकारच्या काळात. दोघांनीही आपलं अर्धंच काम सांगू नये.

२०२४ च्या जाहीरनाम्यात महायुतीने पुन्हा कर्जमाफीचा शब्द दिला. मार्च २०२५ च्या अखेरीस अजित पवारांनी ३१ तारखेच्या आत पीककर्ज भरा, असं उघडपणे सांगितलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला बच्चू कडूंचं आंदोलन झालं, तेव्हा कुठे ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ असं आश्वासन आलं आणि समिती नेमली गेली. लाडकी बहीण जाहीर झाल्यावर दोन महिन्यांच्या आत पैसे खात्यात होते. कर्जमाफीला मात्र आधी समिती, मग अभ्यास, मग तारीख. प्राधान्य कशाला आहे, ते यातून दिसतं.

नाशिकमध्ये ही दिरंगाई जास्त बोचते, कारण इथली जिल्हा बँक वर्षानुवर्षं अडचणीत आहे. थकबाकीदारांच्या जमिनी जप्त करून लिलावाला काढण्याच्या कारवाया आणि त्याविरुद्धचे मोर्चे आपण पाहिले आहेत. माफी होईल या आशेने भरणा थांबवलेल्या शेतकऱ्यावर व्याज चढतच राहतं. पुढचं कर्ज त्याला मिळत नाही आणि तो खासगी सावकाराच्या दारात जातो. माफी देणार असाल तर लवकर द्या, देणार नसाल तर तसं सांगा.

पीकविम्याचीही तीच गत झाली. एक रुपयात विमा २०२३ मध्ये आणला तो याच सरकारने, बोगस अर्ज वाढले म्हणून २०२५ च्या खरिपात बंद केला तोही याच सरकारने. आता कांद्यासारख्या नगदी पिकाला विमा संरक्षित रकमेच्या ५ टक्के हप्ता शेतकऱ्याने भरायचा. बोगस अर्ज रोखायला यंत्रणा हवी होती. ती उभी करण्याऐवजी सगळ्यांचीच सवलत गेली. दुसऱ्या बाजूला साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं वीजबिल एप्रिल २०२४ पासून माफ आहे. बागायतदाराला त्याचा खरा फायदा होतो आणि मत देताना तो मोजायलाच हवा.

कांदा

इथे दोन्ही आघाड्यांची मर्यादा सारखीच उघडी पडते. कृषिमंत्रीपद आघाडीच्या काळात मालेगावच्या दादा भुसेंकडे होतं, महायुतीत डिसेंबर २०२४ ते जुलै २०२५ सिन्नरच्या माणिकराव कोकाटेंकडे. खातं जिल्ह्यात असूनही लासलगावचा भाव दिल्लीच्या आदेशावरच हलला. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, ८ डिसेंबरला निर्यातबंदी केली. ती उठली मे २०२४ मध्ये, तीही टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरात, विधानसभा तोंडावर असताना, किमान किंमत काढली आणि शुल्क २० टक्क्यांवर आणलं. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. तोवर परदेशातले ग्राहक दुसरीकडे वळले होते, आणि त्या वर्षी उन्हाळ कांदा चाळीत सडत असताना भाव पडलेलेच राहिले.

हे सगळं भाजपच्या केंद्र सरकारने केलं, आणि राज्यातली महायुती त्याविरुद्ध ठामपणे उभी राहिली नाही. २०२३ च्या पडझडीत राज्याने क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, २०० क्विंटलच्या मर्यादेत. त्याने जखमेवर पट्टी बसली, इतकंच. पण आघाडीवाल्यांनीही छाती पुढे काढू नये. डिसेंबर २०१० मध्ये कांदा निर्यात बंद झाली तेव्हा केंद्रात काँग्रेसचं सरकार होतं आणि कृषिमंत्री होते शरद पवार. शहरात भाव चढले की शेतकऱ्याची निर्यात बंद करायची, ही सवय दोघांचीही आहे.

त्यामुळे कांदा हा तुमचा मुख्य मुद्दा असेल तर उमेदवाराला एकच विचारा: पेरणीनंतर निर्यातधोरण बदलायचं नाही, असा नियम तुमचा पक्ष दिल्लीत मांडणार का? खासदारकीच्या मताला इथे आमदारकीच्या मतापेक्षा जास्त वजन आहे. २०२४ मध्ये लोकांनी ते नेमकं ओळखलं.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबक: आदिवासी तालुके

मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकासचे ३३५ कोटी लाडकी बहिणीकडे वळवले गेले. त्यावर महायुतीचेच मंत्री संजय शिरसाट उघड नाराज झाले. त्या समाजातल्या महिलाही लाभार्थी आहेत, हे सरकारचं उत्तर. ते मला मान्य नाही. आदिवासी उपयोजनेचा पैसा आश्रमशाळा, वसतिगृहं, रस्ते, पाणी यांसाठी राखलेला असतो. सर्वांसाठीच्या योजनेत तो मिसळला की राखून ठेवण्याला अर्थ उरत नाही. त्याच वर्षी आश्रमशाळांमधले रोजंदारी कर्मचारी नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडून बसले होते. पैसा कुठून काढला गेला, ते इथे चालून बघावं. माझ्या दृष्टीने महायुतीच्या प्राधान्यक्रमातला हा सर्वांत मोठा दोष आहे.

वनहक्काच्या दाव्यांसाठी मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो आदिवासी पायी गेले, पायांना फोड आलेले. फडणवीस सरकारने लेखी आश्वासन दिलं. मध्ये आघाडीचं सरकार येऊन गेलं आणि २०२३ मध्ये लोकांना पुन्हा चालावं लागलं. यात दोघांचाही वाटा आहे.

पाण्यात मात्र फरक दिसतो. नार-पार नद्यांचं पाणी गुजरातकडे नेण्याच्या योजनेचा सविस्तर प्रकल्प अहवाल बनवायला २०१० च्या करारात राज्यातल्या काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने संमती दिली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये महायुतीने ७,०१५ कोटींच्या नार-पार-गिरणा योजनेला मंजुरी दिली. दिशा बरोबर आहे. कळवण, मालेगावला पाणी जाताना पाणलोटातल्या सुरगाण्याच्या गावांना किती मिळणार आणि कुणाची जमीन बुडणार, हे मात्र कामाआधी ठरायला हवं.

शहर

२०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी वेगळं प्राधिकरण आणि कायदा झाला, निधीचा ओघ सुरू झाला. २००३ च्या पर्वणीत चेंगराचेंगरीत ३९ जणांचे जीव गेले, तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादी होती. गर्दीच्या व्यवस्थेवर आज खर्च होतोय याचं म्हणूनच स्वागत करायला हवं. पण साधुग्रामसाठी तपोवनातली सतराशे-अठराशे झाडं तोडण्याचा घाट २०२५ च्या शेवटी घातला गेला, तेव्हा शहर रस्त्यावर उतरलं. आघाडीचे लोक त्यात होते, आणि महायुतीला मत दिलेलेही होते. जानेवारी २०२५ मध्ये पालकमंत्री म्हणून गिरीश महाजनांचं नाव जाहीर होऊन दुसऱ्याच दिवशी स्थगित झालं, मित्रपक्षांच्या ओढाताणीत. एवढ्या मोठ्या मेळ्याच्या तयारीत जिल्ह्याला पालकमंत्री नसणं, हे तीन पक्षांच्या सरकारचं दुखणं आहे. आघाडीतही तीनच पक्ष आहेत, त्यामुळे सत्ता बदलली तरी ते आपोआप बरं होणार नाही.

केंद्राने फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोला २,०९२ कोटी जाहीर केले, मेट्रो आली नाही. नाशिक-पुणे रेल्वेला आघाडीच्या काळात गती मिळाली आणि सिन्नरकडे जमिनी घ्यायला सुरुवातही झाली. नंतर मार्गाजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचा (जीएमआरटी) अडथळा पुढे आला आणि २०२५ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी शिर्डीमार्गे आखणी सांगितली. संगमनेर आणि नारायणगाव बाजूला पडले, प्रवास लांबला. अंबड-सातपूरचा कारखानदार आणि पुण्याला शिकणारी आपली मुलं, दोघांनाही सरळ मार्ग हवा आहे. रोजगार हा तुमच्या घरचा पहिला प्रश्न असेल, तर कुंभाच्या कमानींकडे पाहून मत ठरवू नका. सिन्नरमार्गे सरळ रेल्वेसाठी दिल्लीत कोण भांडतोय ते बघा, आणि तो कुठल्या आघाडीचा आहे हे त्यानंतर विचारा.